दोन धारा बघून घेतलेली सायकल

गडमुडशिंगी,
रविवार सकाळ

तीर्थस्वरूप हंबीरमामांना भाची निशिगंधाचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? पथ्य तुम्ही पाळता, की तुमच्या वाटचं मामीच पाळतात? फोनच करणार होते, पण कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात तुम्ही कशालाही ‘व्हय व्हय’ म्हणता (मागं मी जिन्यावरून पडले म्हटलं, तर ‘लई ब्येस’ म्हणालात), म्हणून पत्र.

तर मामा, माझी नोकरी धोक्यात आहे, आणि त्याला कारण तुमचे दाजी, म्हणजे आमचे आबा. मंगळवार पेठेतल्या लॅबमध्ये मी रोज त्यांच्या मोटरसायकलवर, दुधाच्या किटल्यांच्या मध्ये बसून जाते. वाटेत दिसेल त्याला रामराम घालायला आबा थांबतात, आणि माणसं संपली की त्यांच्या म्हशींची चौकशी सुरू होते. मॅडमनी बजावलंय, आता एकदा जरी उशीर झाला तरी कायम व्हायचं विसरा. म्हणून स्वतःची सायकल घ्यायचं ठरवलं, हलकी, गिअरची. तर आबा म्हणाले, ‘पारख नसताना जनावर घिऊ न्हाय,’ आणि सोबत आले.

दुकानात त्यांनी सायकलीला मागून फेरी घातली, सीटवर थाप मारली आणि ‘हाडं दिसत्यात की’ म्हणून मान हलवली. दुकानदार अमरसिंह बिचारा गिअर समजावतोय, आणि हे विचारतात, ‘मारकी न्हाय न्हवं?’ शेवटी अडून बसले: म्हैस घेताना सकाळ-संध्याकाळच्या दोन धारा बघूनच सौदा ठरतो, तेव्हा ही पण एक दिवस घरी नेऊन बघणार. त्या आवाजापुढं कोण नाही म्हणतंय?

दुसऱ्या दिवशी वेणी घालून बाहेर येते, तर सायकल गायब. आबा हँडलला किटल्या अडकवून रतीब घालायला गेले होते, आणि चक्क वेळेत परत आले. त्याचं काय झालं, त्या सायकलीला स्टँडच नाही. गिऱ्हाइकाच्या कट्ट्याला टेकवायची तेवढीच, मध्ये कुठं थांबलं की किटल्यांसकट आडवी होते. त्यामुळं सगळे रामराम पळता पळता. संध्याकाळची धारही चांगली निघाली आणि सायकल आबांचीच झाली. हळदकुंकू लागलं, चंद्री असं नाव पडलं, रात्री गोठ्यात दाव्याला बांधतात. (घंटीला बिचकून थोरल्या म्हशीनं पान्हा चोरला. आबा म्हणतात, सवत आल्यावर एवढं चालायचंच.) मला राग येतो, पण ते शीळ घालत पायडल मारत निघाले की मायाही येते.

माझ्या वाट्याला मोटरसायकल आली. शिकले आणि काल एकटीच निघाले. पण तिला पेठेपर्यंत सगळे ओळखतात. ‘गणपतरावांची गाडी न्हवं ही? आजारी हाईत काय?’ प्रत्येकानं हात करून थांबवलं, एका आजीनं तर पातेलंच पुढं केलं. उशीर झाला तो झालाच. मॅडम रजेवर होत्या म्हणून वाचले. उद्या त्या येणार.

मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमची,
निशिगंधा

ता. क. तुमच्या माळ्यावर ती जुनी सायकल पडून आहे ना? पत्र घेऊन येणाऱ्या कृष्णातदादाच्या टेम्पोत आजच चढवून द्या. इकडं तिला कुणी ओळखत नाही. आबांना मात्र कळू देऊ नका, लगेच धारा बघायला नेतील.

आणखी एक ता. क. पाठवताना तिचं स्टँड तेवढं काढून ठेवा. आजकाल मलाही रामराम घालायला थांबावंसं वाटतं.