मामाच्या डब्याची झडती

प्रिय चिमणे,

समोर बसून सांगायला गेलो तर "जाऊ दे ना मामा" म्हणून तू माझं तोंड बंद करशील, म्हणून लिहितोय. अकराला साहेबांच्या खोलीत जाण्याआधी वाच. चहा गार झाला तरी चालेल.

मी हे काही शिकून आलेलो नाही, तुला ठाऊकच आहे. रुग्णालयाच्या या आकडेवारी विभागात कारकून म्हणून लागलो आणि दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघत बघत प्रोग्राम लिहू लागलो. तेव्हा आपण प्रोग्राम लिहितो त्या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत जुनीच रीत होती. माहितीचा डबा घ्यायचा, आत काय आहे त्याची चिठ्ठी वर चिकटवायची. भाषा चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास ठेवते, डबा उघडून बघत नाही. मग नवी रीत आली. तीत कुठल्या कप्प्यात काय असेल ते आधी जाहीर करायचं, आणि डबा तयार होतानाच तपासणी. औषधांच्या मात्रा काढायचं सगळं काम तू नव्या रीतीत बांधलंस. झकास बांधलंस गं! पण माझे वीस वर्षांचे डबे टाकवेनात, म्हणून जुन्या चिठ्ठ्यांची नव्या रीतीत नोंद करून त्यांनाही न उघडता आत घेतलंस. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं.

तेव्हा तू म्हणालीस, जुने डबे उघडून बघणाऱ्या चार ओळी लिहिते. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "आता मामाच्या डब्याची झडती घेणार का गं?" सगळे हसले. तू लाल झालीस आणि त्या ओळी पुसल्यास. मी लढाई जिंकल्यासारखा जेवायला गेलो.

परवा बालविभागातल्या सिस्टर तरातरा आल्या. आपल्या प्रोग्रामनं काढलेल्या कागदावर चार वर्षांच्या मुलीचं वजन पस्तीस किलो आणि मात्रा त्याच मापानं, दुपटीहून जास्त. "ही पोर आहे की पैलवान?" औषध पाजण्याआधी त्यांची नजर पडली म्हणून निभावलं. काल साहेबांनी चूक कुणाची म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, "बांधणी माझी, चूक माझी." त्यांनी तसं लिहून मागितलंय. सही केलीस की हे काम तुझ्या हातून गेलंच. तू बोलत होतीस तेव्हा मी चष्मा पुसत होतो. स्वच्छच होता तो.

आज सर्वांआधी येऊन तो डबा उघडला. वजनं जुन्या काट्यावरची, पौंडांतली. वर 'किलो, तपासलेलं' अशी चिठ्ठी. माझ्याच हातची, न तपासता लावलेली, तुझी चेष्टा केली त्याच दिवशी.

हे सगळं माझ्या सहीनिशी साहेबांच्या टेबलावर ठेवलंय. तू कशावरही सही करू नकोस. पण पत्र त्याच्यासाठी नाही. माझ्या चिठ्ठीचे अजून सदतीस डबे आत आहेत. आज मात्रा हातानं काढा, असं वॉर्डात सांगून आलोय. त्या पुसलेल्या चार ओळी पुन्हा लिही. मी शेजारी स्टूल ओढून बसतो. एकेक डबा उघड, आणि मामाचा आहे म्हणून एकही सोडू नकोस.

झडतीला हजर,
तुझाच मामा