माझ्या बाजूचा खड्डा

प्रिय भिंतीकडचे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू हसतेस, मागून पाहुणा भुंकतो, आणि ज्यासाठी फोन केला ते तसंच राहून जातं. म्हणून लिहायला बसलो. शाळेत पत्र लिहायचा धडा यायच्या आधीच मी शाळेला रामराम ठोकला होता, त्यामुळे आधी काय लिहायचं नि मागून काय, ते मला कळत नाही. तू तुझ्या सोयीने पुढेमागे करून वाच.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. सुपरवायझरने विचारलंय, अजून दोन वर्षं राहतोस का. पगार थोडा वाढेल, आणि त्याच्या हाताखालचा पहिला माणूस मी होईन. हो की नाही ते महिनाअखेर सांगायचं आहे. मी म्हटलं, घरी विचारतो. तो म्हणाला, विचार की, त्यात काय एवढं. त्यात काय आहे ते त्याला सांगत बसलो असतो तर शेड बंद करायची वेळ झाली असती. तर तू उत्तर द्यायच्या आधी एक काम कर. आपल्या गादीवरची चादर काढ आणि माझ्या बाजूचा खड्डा अजून आहे का ते हात फिरवून बघ. नुसतं बघून कळत नाही, हातच फिरवावा लागतो.

हे खूळ कुठून आलं ते सांगतो. मी गाद्यांच्या कारखान्यात आहे एवढंच तुला माहीत आहे. पण नव्या गाद्या माझ्याकडे येतच नाहीत. माझ्याकडे येतात त्या परत आलेल्या. लोकांची तक्रार असते की गादी बसली, पाठ धरते, डोळ्याला डोळा लागत नाही. मग मी कव्हर उसवतो, आतला फोम टेबलावर पसरतो, त्याच्यावर लांब पट्टी आडवी ठेवतो आणि खाली किती फट राहते ते बघतो. फट जास्त असली तर गादी बदलून देतात. सुरुवातीला मला नुसते खड्डे दिसायचे. मग हळूहळू माणसं दिसायला लागली. एका गादीला दोन टोकांना दोन खोल खड्डे होते आणि मधे उंचवटा, अगदी कोरा, दुकानातून आणला तसा. त्या दोघांचं काय बिनसलं असेल याचा विचार करत मी जेवायला उशिरा गेलो. दुसऱ्या एका गादीत मधोमध एकच मोठा खड्डा होता, दोघं मिळून. आणि एका गादीची सगळी जागा ठीक, फक्त कडेला एके ठिकाणी चेपलेली. तो माणूस झोपतच नसणार, पाय खाली सोडून बसून राहत असणार. मी हे सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, तू पट्टी लाव नि आकडा बोल, भविष्य सांगू नकोस.

आपली गादी इथे आली असती तर मी काय सांगितलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. भिंतीला चिकटून तू, सरळ, मेल्यासारखी. कडेला मी, अर्धा पलंगावर नि अर्धा हवेत. मधे मुकादमबाई, तुझ्या ट्रंकेबरोबरच घरात आलेली, त्यामुळे तिचा हक्क माझ्या आधीचा. आणि पायांवर आडवा पाहुणा, ज्याला तू दोनच दिवसांसाठी म्हणून रस्त्यावरून उचलून आणलंस. सगळं जग मांजरीला मनी म्हणतं, आपण मुकादमबाई म्हणतो, कारण पहाटे ती छातीवर बसून मी जिवंत आहे का त्याची हजेरी घ्यायची. तुला मात्र कधी उठवलं नाही. का गं? तुझ्या छातीवर ती कधी का बसली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तुला माहीत असेल तर लिही.

आपण उपाय तरी किती केले. दार लावून बघितलं, तर मुकादमबाईने दाराचा रंग उतरवला आणि पाहुणा बाहेर एखाद्या म्हाताऱ्यासारखा उसासे टाकत बसला, आणि त्या उसाशांनीच तुला झोप येईना. पांघरुणं वेगळी केली, तर सकाळी दोन्ही पाहुण्याच्या अंगावर. माझ्या जुन्या कोटाचं अंथरूण करून त्याला खाली दिलं, तर तो वर आला आणि वैतागून मी खाली त्या कोटावर जाऊन पडलो. खरं सांगू, त्या दिवशी मला मस्त झोप लागली. उठून बघतो तर पाहुणा माझ्या उशीवर डोकं ठेवून, तोंड तुझ्याकडे करून घोरतोय. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला, आणि मी नको ते बोललो. मग तू मला तुम्ही म्हणायला लागलीस. तुम्ही झोपा हो पलंगावर, आम्ही तिघं बघू आमचं. राग आला की तू मला अहोजाहो करतेस हे लग्नानंतर कळायला मला वेळ लागला. आधी वाटायचं मान देतेस.

पुढे बेकरीची गाडी चालवताना सिग्नलला माझा डोळा लागला, मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला, आणि मालकाने माझ्याकडून गाडीची चावी मागून घेतली. मग इथलं काम आलं. सगळ्यांना सांगितलं पगार चांगला आहे. तो आहेच. पण टेम्पोत बसताना मनात होतं, एकट्याचा पलंग, आता हातपाय पसरून झोपू.

तर ऐक. इथे पलंग एकट्याचा आहे, गादी कंपनीची, नवी कोरी. आणि मी कडेला झोपतो. पाय दुमडून, एक हात खाली लोंबकळत. मला स्वतःला हे माहीतच नव्हतं. माझ्या खोलीत मालाच्या ट्रकवरचे ड्रायव्हरदादा असतात, ते एकदा सकाळी चहा पिताना म्हणाले, तुझ्या पलंगावर अजून कोण झोपतं रे, एवढी जागा कोणासाठी सोडतोस. मी म्हटलं कोणी नाही. ते म्हणाले, मग त्या कोणी नाहीला सांग भाडं भरायला. तेव्हापासून मधे झोपायचं ठरवून बघितलं, पण झोपच येत नाही. मग वाटलं, पायांवर वजन नाही म्हणून असेल. एका पिशवीत फोमचे तुकडे भरून पायांवर ठेवले, पण फोमला कसलं आलंय वजन. म्हणून त्यात मशीनचे जुने नटबोल्ट घातले. थोडं बरं वाटलं, पण पाहुणा काही जमला नाही. तो ऊबही देतो आणि स्वप्नात पाय झाडतो, ते नटबोल्ट कुठून करणार. वजन तरी बरोबर जमावं म्हणून विचारतो, पाहुण्याचं वजन किती असेल? त्याला उचलून कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काट्यावर ठेवता येईल का? दुकानदार ओरडेल, पण तुला नाही ओरडणार.

आता मागच्या आठवड्यातली गोष्ट. एक गादी आली, तक्रार एवढीच की एक बाजू बसली. उसवली, तर त्या बाजूला माणसाचा लांब खड्डा, खांद्यापासून पोटरीपर्यंत. आणि त्या खड्ड्याच्या आत, मधोमध, एक लहान गोल खड्डा. वाटीत वाटी ठेवावी तसा. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला राहवेना. सुपरवायझरच्या मागे लागून तक्रार करणाऱ्या बाईंना फोन लावला. कामाचं बोलून झाल्यावर विचारलं, त्या बाजूला कोण झोपतं. त्या म्हणाल्या, नवरा झोपायचा, आता बोटीवर कामाला असतो, तो गेल्यापासून कुत्री त्याच्या जागेवर झोपते. हे झालं तेवढ्यावर मी फोन ठेवायला हवा होता. पण मी विचारलं, ते सुट्टीवर आले की ती उठते का. त्या म्हणाल्या, पहिल्या खेपेला उठली होती, आता नुसती डोकं वर करून बघते.

सुपरवायझरने त्या तक्रारीवर शेरा मारला, दोष गादीचा नाही. मी मात्र ती गादी दिवसभर टेबलावरून खाली घेतली नाही. माझा खड्डा म्हणून जो आहे, त्यात आता कोण झोपतं? पाहुणा वर सरकला का? मुकादमबाई? की तूच भिंत सोडून मधे आलीस? तसं असेल तर मला वाईट वाटणार नाही, थोडं वाटेल. फोमचं असं असतं की वापर थांबला की खड्डा थोडा वर येतो, पण पूर्ण कधी येत नाही. आपली गादी कापसाची, तिचं काय होतं ते मला माहीत नाही, म्हणून हात फिरवायला सांगितलं.

आणि आता जे विचारायला एवढी पानं भरली ते विचारतो. मी निघालो त्या सकाळी टेम्पो दारात घरघरत होता. तू उंबऱ्यात होतीस, मुकादमबाई कडेवर. तू म्हणालीस, जा, झोप पुरी करून, आणि पुढचा शब्द इंजिनाच्या आवाजात गेला. तेव्हापासून तो शब्द मी दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघतो. तुझ्या ओठांवरून काही कळलं नाही, कारण मांजरीचे कान मधे होते. तू या म्हणाली असशील, तर तुझा राग मला ठाऊक आहे, मग मी अजून दोन वर्षं खड्डे मोजतो, तोवर उतरला तर उतरेल. पण तू ये म्हणाली असशील, तर मी सुपरवायझरला नाही सांगून निघतो. झोप काही पुरी झालेली नाही, तशीच अर्धी घेऊन येईन. माझी जागा कुणी घेतली असली तरी त्याला उठवू नकोस, मी पायाशी मावतो, नाहीतर तो जुना कोट आहेच. लांबलचक काही लिहू नकोस, तुला कंटाळा येतो. एक अक्षर लिही, पुरे.

तुझाच,
कडेचा