डाव्या पायातली चप्पल

सोमवार, ४ नोव्हेंबर
सतरा दिवस लिहिलं नाही. पेन्सिल हरवली होती म्हणावं, तर ती खिशातच होती. आळस, दुसरं काय. तर — गाव बदललं, काम बदललं. आता लॉन्ड्रीत आहे. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, मग दोघांनी चार कोपरे धरून घडी घालायची. माझ्या समोरचे दोन कोपरे काकूंचे. कुणाच्या काकू ते ठाऊक नाही, सगळ्यांच्याच. पहिल्याच चादरीला म्हणाल्या, "अरे गधड्या, चादर आहे, बैल नाही. ओढू नकोस."
आवडल्या.

मंगळवार, ५
जेवणाच्या सुट्टीत उलट्या टोपलीवर बसून लिहीत होतो. मान वर केली तर मशीनवाला घास गालात तसाच ठेवून माझ्या वहीकडे बघतोय. मुकादम जवळ आले. "काय लिहिताय?" सकाळपर्यंत मी 'ए लांब्या' होतो. म्हटलं, काही नाही, असंच. त्यांना घामच फुटला.
नंतर मशीनवाला कानाशी आला. "मालकांनी पाठवलंय ना तुला? माझं नाव नको लिहूस. म्हणजे चांगलं असेल तर लिही."
मालकांना इथे कुणी पाहिलेलं नाही. त्यांचा फोन येतो, मुकादम तो उभं राहून घेतात.

बुधवार, ६
डावी चप्पल चावली. अंगठ्यापाशी फोड. काढून ठेवली आणि एका पायाने अनवाणी काम केलं. फरशी गार, बरं वाटलं. टाकीत फेसाचा एक बुडबुडा एवढा मोठा झाला की त्यात अख्खी खिडकी दिसत होती, वाकडी. बघत बसलो. चार चादरींच्या घड्या चुकल्या. कुणी ओरडलं नाही.

गुरुवार, ७
मुकादमांच्या डाव्या पायात चप्पल नाही.

शुक्रवार, ८
कुणाच्याच नाही! दाराशी डाव्या चपलांची रांग लागलीय. मशीनवाल्याला विचारलं, हे काय?
"नियम आहे."
"कधीपासून?"
"पहिल्यापासून." मग हळूच, "बरोबर सांगितलं ना मी?"
माझा फोड बसलाय. तरी मी चप्पल घातली नाही. सगळे अनवाणी आणि आपण एकटेच घालून कसं फिरायचं? नियम माझ्या पायातून निघाला आणि मलाच मोडवेना.
काकूंच्या मात्र दोन्ही पायांत चपला. "मला गारठा बाधतो. आणि अक्कल काही डाव्या पायात नसते, मुकादम."
हसलो नाही. हसू आलं होतं.

शनिवार, ९
काकूंना मागच्या ओल्या खोलीत टाकलं, एकटीला. सोमवारपर्यंत 'सुधारल्या' नाहीत तर घरी. बावीस वर्षं झाली त्यांना इथे. त्यांचे कोपरे आता मुकादम धरतात, इतके जपून की चादर नाही, झोपलेलं बाळच उचलतायत.
काकूंशी कुणी बोलत नाही. मीही नाही. डबा खाताना त्यांच्याकडे पाठ करून बसलो. लाज वाटतेय म्हणून लिहून ठेवतोय.

रविवार, १०
दिवसभर भटकलो. एका म्हाताऱ्याच्या शेजारी बाकावर बसून त्याचा कुत्रा सांभाळला. उद्या सांगून टाकायचं.

सोमवार, ११, दुपारी
सांगितलं. टोपलीवर उभा राहून. मी कुणाचा माणूस नाही, ही माझी रोजनिशी आहे, पायाला फोड आला होता, बस. पाय वर करून दाखवला — फोड तर बरा झालेला, नुसता डाग. हात दाखवून अवलक्षण ते हेच. सगळे माना डोलावतायत, "हो हो, फोड." मुकादमांनी डोळा मारला. शेवटी वहीच पुढे केली, वाचा म्हटलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको, साहेब. विश्वास आहे."
काकू पिशवी भरून दारात उभ्या होत्या. "उतर खाली, गधड्या. पडशील," एवढंच म्हणाल्या.
मुकादम धावत फोनकडे गेले.

संध्याकाळी
मालक आलेत. खुद्द. माझ्या खांद्याएवढा माणूस, सारखा रुमालाने मान पुसणारा. मुकादमांनी खुर्ची आणली, ती मालकांनी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही कुठल्या ऑफिसातून आलात ते मी विचारत नाही. बाईंना ठेवायचं की काढायचं, तेवढं सांगा."
म्हटलं, ठेवा.
"ठेवल्या."
काकूंनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग वाकल्या, डाव्या पायातली चप्पल काढली, आणि म्हणाल्या, "उभे का? बसा ना, साहेब."