चालू पंख्याची पूजा

टिटवाळा,
ता. १४ ऑक्टोबर

चि. चांगदेव,
आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस. वागळे इस्टेटच्या हापिसात आलेले, तर वॉचमन म्हणतो साहेब मीटिंगमध्ये. म्हणून लिहिते. अक्षर लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे, तिलाही कळू दे.

इकडे ठीक. गॅस मिळाला. भिंतीची ओल तशीच. सगुणाला परवा हॉस्पिटलातून घरी आणली. जेवते. मी भरवते.

तुझी सर्व्हिस बंद आहे म्हणे. आपल्या भागातलं पहिलं पॅसेंजर हेलिकॉप्टर, टिटवाळ्याहून मुंबई चहा निवायच्या आत, इतिहासात नाव जाईल, किती नाचलास! दसऱ्याला सगुणाला, धाकट्या बहिणीला, पूजेला उभी केलीस त्याचं काही नाही. रिक्षा घेतली तरी आपण ओवाळतो, फेरी मारतो. पण रिक्षा बंद करून मारतो रे.

निरांजन पंख्याच्या वाऱ्याने कधीच विझलेलं. ती घाबरून थांबली, तुझ्याकडे बघितलं. मी दोरीमागे होते. काय बोललास ते ऐकू नाही आलं, पण हात गोल फिरवून दाखवलास, फेरी पूर्ण कर. फोटोवाला होता ना! देवाला फेरी मारतो तशी गेली बिचारी, मशीन उजव्या हाताला ठेवून. शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही, हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. तिला कोणी शिकवलं?

उजवा हात कोपरापासून गेला. लिहिलं बघ शेवटी.

आता तुझी कंपनी सांगते, बाई मनानेच तिकडे गेली. पोलीस मला म्हणतात, "मावशी, एवढ्या आवाजात तुम्हाला काय कळणार?" आणि सगुणाला विचारलं तर ती मूर्ख म्हणते, "दादाने नाही सांगितलं, मीच गेले." तुझी नोकरी जाईल म्हणून! लोक तिलाच वेडी म्हणतायत, आणि तू ऐकून घेतोस.

काल पडल्या पडल्या मला विचारते, "ताई, भाऊबीजेला डाव्या हाताने ओवाळलेलं दादाला चालेल का गं?"

मी मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आधी पोलिसांत जा. हात कोणी फिरवला ते सांग. मग ये, मी स्वतः पाट मांडीन. तसाच आलास तर दार उघडणार नाही, ती आतून कितीही रडली तरी.

मिठाई पाठवू नकोस.

भाऊबीजेपर्यंत तरी तुझी,
शकूताई