मालक तिथंच राहतेत

२३ डिसेंबर, मंगळवार

पोहोचले एकदाची! लग्नाला सहा वर्षं झाली आणि निव्वळ फिरायला म्हणून घराबाहेर पडायची ही पहिलीच वेळ. तीही एकटीने. हरिओम पिंगळी स्टेशनला पॉइंट्समन आहे. गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडे सांधे फिरवणं हे त्याचं काम. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही हा त्याच्या नोकरीचा पहिला नियम, आणि नेमका बदलीवालाच आजारी पडला. आता हरिओम शुक्रवारी येणार. मी म्हटलं, तुझे पॉइंट तुला सोडत नसतील तर मी आपली दुसऱ्याचे पॉइंट घेऊन पुढे जाते.

दुसऱ्याचे म्हणजे मनकर्णाबाईंचे. परभणीहून माझ्याकडे ब्लाउज शिवायला येतात. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, बन्सीधररावांनी, फार पूर्वी या जलविसावा रिसॉर्टचं जोडीने सभासदत्व घेतलं होतं. दरवर्षी सभासदाच्या खात्यात पॉइंट जमा होतात आणि त्यांवर खोली मिळते. वापरले नाहीत तर वर्ष संपताना बुडतात. देखभालीची वर्गणी मात्र या नाहीतर न या, भरावीच लागते. म्हणून मग लोक पॉइंट भाड्याने देतात. सभासद आपल्या खात्यातून खोली राखतो, पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी काढून देतो, आणि पाहुणा भाडं सभासदाच्या हातात ठेवतो. रिसॉर्टला पाहुण्याशी देणंघेणं नाही. काही फुटलं-तुटलं तरी ते सभासदालाच धरणार. मला तर ही शक्कल फारच आवडली.

आम्ही चिठ्ठी तेवढी काढली नाही. मनकर्णाबाई म्हणाल्या, "राजेश्री, चिठ्ठीला कशाला खर्च करायलीस? माझ्याच नावानं जा. तिथं कुनी कागद बगत न्हाई. फकस्त नाव घ्यावं लागतंय. आन मालक लय चांगले हाईत, तिथंच राहतेत." मी म्हटलं, मालकच जागेवर असतो म्हणजे सोय चांगली असणार. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला टेप घेऊन गमतीने माझंच माप घेतलं. दोघींचं माप एकच निघालं, तर बाईंना कोण आनंद झाला!

बोरी मागे पडली, जिंतूरला बस सोडली, रिक्षा केली. शेवटच्या वळणावर धरणाचं पाणी दिसलं आणि मी रिक्षातच टाळी वाजवली. खोल्या ओळीने पाण्याकडे तोंड करून. माझ्या खोलीच्या दारात दगडाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई ताट घेऊन उभ्या. त्यांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवली. नाव घ्या म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे नाव सांगणं नाही, उखाणा आहे! नव्या नवरीसारखं! मला हसूच फुटलं. पण मी तर मनकर्णाबाई म्हणून आलेली, हरिओमचं नाव घेऊन कसं चालेल? मग ठोकून दिला:

तांब्याच्या कळशीत पाणी गार गार,
बन्सीधररावांचं नाव घेते, सोडा आता दार.

मला वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. दगडाबाई पाण्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "घेतलं हो नाव!" आणि बाजूला झाल्या. लोकांना विनोद कळत नाही कधीकधी.

२४ डिसेंबर, बुधवार

मस्त झोप झाली. सकाळी पोह्यांच्या दोन बशा आल्या. मी एकटीच आहे म्हटलं, तर बशा आणणारी पोरगी म्हणाली, मालकांची हाय. रिसॉर्टचा मालक माझ्या खोलीत कशाला नाश्ता करेल? बशी तशीच ठेवून मी पाण्याकाठी फिरून आले. बगळे, बाभळी, लांबवर मेंढरं. हरिओमला फोटो पाठवले. त्याने उलट मला फलाटावरच्या कुत्र्याचा पाठवला. असा माणूस.

परत आले तर दुसरी बशी रिकामी. दाराशी पुरुषी चपला, ओल्या. मी झाडणाऱ्या बाईवर उखडले. तिने मान खाली घातली आणि चपला आतल्या बाजूला, माझ्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या.

कपाटात एक जांभळी साडी आहे, वर तिचा ब्लाउज. हाताला लागताच टिपेवरून ओळखलं, माझीच शिवण. मनकर्णाबाईंनी याच दिवाळीला शिवून घेतलेला. विसरून गेल्या असतील म्हणावं तर दिवाळीनंतर त्या इकडे आल्याच नव्हत्या. त्या स्वतःच तसं म्हणाल्या होत्या. मग हा आला कसा? काखेत आतून जास्तीचं कापड सोडायची माझी सवय, तेही होतं. घालून बघितला. अगदी बसला. काढून ठेवला आणि हात धुतले, का ते माहीत नाही.

टॉवेल दोन होते. एक मी वापरला. दोन्ही ओले आहेत.

२५ डिसेंबर, गुरुवार

आज दुपारी दगडाबाईंना धरलंच. रिसॉर्टचे मालक कोण, मला त्यांच्याशी बोलायचंय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, रिसॉर्टचे मालक मुंबईला असतात, त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही. "मी तुमच्या मालकाचं म्हनायलेय. बन्सीधररावाचं."

मालक! माझी सासू मामंजींना काय म्हणते? मालकच म्हणते. सहा वर्षं रोज ऐकते मी, आणि हाच एक शब्द मला कळू नये?

पुढचं त्यांनी मटार सोलत सांगितलं. बन्सीधरराव पहिल्याच वर्षी या पाण्यात बुडाले. पण सभासदत्व जोडीचं, जोडी मोडली तरी ते मोडत नाही. बन्सीधरराव दरवर्षी यायचेच. दरवर्षी मनकर्णाबाईंना यावं लागायचं, दारात नाव घ्यावं लागायचं. नाव घेतलं की ते वर येतात. घेणारी कोण आहे, ते बघत नाहीत. नाव ऐकतात.

मी बॅग भरली आणि सरळ गेटवर गेले. वॉचमन अगदी अदबीने म्हणाला, जोडीनं आलात, जोडीनं जावा. त्याला ढकलून पाय बाहेर टाकला, तर मागून ओढणी ओढली गेली. वळले. मागे कोणी नव्हतं. ओढणीचं टोक ओलं होतं, पीळ बसलेला, कोणीतरी मुठीत घट्ट धरल्यासारखा.

मला भीती वाटतेय. 

हरिओमला फोन केला. मी म्हटलं, बन्सीधर, आजच्या आज ये.  त्याने विचारलं, कोण बन्सीधर? मी म्हटलं, चुकून आलं रे तोंडात. पुन्हा बोलले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जीभ चावली तेव्हा ह— हरि— तेवढं निघालं. तो घाबरलाय. बदलीवाला मिळाला की निघतो म्हणाला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

मनकर्णाबाईंनी फोन उचलला. बसमध्ये होत्या, राणीसावरगावला बहिणीकडे निघालेल्या. मी वाटेल तसं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही. म्हणाल्या, "काय करू माय? बदली मिळाल्याबिगर मला सुटका नव्हती."

सुटायचं कसं ते मी विचारत राहिले. त्यांनी सांगितलं. त्याच दारात उभं राहून आपल्या माणसाचं नाव घ्यायचं, उखाण्यात, न अडखळता. तो समोर असताना. मग हे सोडतात. त्यांचा माणूस तर हाच, त्या कुणाचं घेणार? मला म्हणाल्या, तुझा हाय, तू सुटशील. नाव तेवढं आठवनीत ठेव.

नाव तेवढं.

सगळं आठवतं. हिरवा झेंडा. हाताला तेलाचा वास, साबणाने न जाणारा. उजव्या भुवईवरची खूण. भाकरी आधी मला मोडून देतो. पिंगळीचा पॉइंट्समन. पण नाव—

फोनमध्ये बघितलं. अक्षरं दिसतात, वाचायला गेलं की पाण्याखाली गेल्यागत हलतात. या डायरीच्या मागच्या पानांवरही तसंच. ह असावा. ह वरून काय काय असतं?

पलंगाची दुसरी बाजू ओली आहे. उशीला खळगा पडलाय. आज कोणीतरी खोकलं, अगदी सवयीने, घरातला माणूस खोकतो तसं. आणि मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. न सांगता. माझ्याच हातांनी.

तो अजून आला नाही. बदलीवाला—

२७ डिसेंबर, शनिवार. सकाळ

आला! गेटवर आहे. खिडकीतून दिसतोय. धावत सुटले.

दगडाबाई दारात. दोन्ही हात चौकटीला. नाव घ्या.

तो वॉचमनला विचारतोय. वॉचमन म्हणतो, या नावाची बाई इथं नाही, खोली मनकर्णाबाईंच्या नावावर आहे. चिठ्ठी असती तर— चिठ्ठी काढली असती तर माझं नाव कुठेतरी असतं.

उंबऱ्यावर बसून लिहितेय. लिहिलं की आठवेल. हाताला सवय असते.

तांब्याच्या कळशीत पाणी गार गार
बन्सीधर

नाही. पुन्हा.

तांब्याच्या कळशीत पाणी गार गार
ह ह ह
बन्सीधररावांचं

तो ओरडून स्वतःचं नाव सांगतोय. तोंड हलताना दिसतं. मला फक्त पाण्याचा आवाज येतो.

साडी कधी नेसले मी? जांभळी.

देवा, एकदा. एकदाच तोंडात येऊ दे, मग सगळं ने.

तांब्याच्या कळशीत

बाहेर कोणीतरी माणूस आलाय. गेटला धरून रडतोय बिचारा. राजेश्री, राजेश्री म्हणून हाका मारतोय. कोण असेल ही राजेश्री? उत्तर का देत नाही त्याला? माणसाने इतकं ताटकळत ठेवू नये कुणाला. दगडाबाईंना सांगितलं, चहा तरी द्या त्याला.

मालक आतून बोलवायलेत. पाणी काढून ठेवलंय म्हणे, गार आहे तोवर ये. आले हो, एवढी ओळ संपवते आणि आ