आधी पाय उचलायचा

सणसर,
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. राजनंदिनी हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम, तिकडेही तसंच असावं. थंडी ओसरली. ऊसतोड जोरात आहे. रस्त्यावरून दिवसभर ट्रॉल्या जातात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला वाटतं, आपली गाणी थेट इंदापूरच्या मामलेदाराला ऐकू गेली पाहिजेत. मी एकाला थांबवून आवाज कमी करायला लावला. तो म्हणाला, "आजी, डायव्हर झोपू नये म्हनून लावतो." मी म्हटलं, "अरे, पण गाव झोपलं पाहिजे ना!"

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून हे पत्र. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. कागद फाडायचा असला तरी माणूस आधी दोन ओळी वाचतो, एवढं मला माहीत आहे. आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. बातमीचं आहे.

बातमी अशी की मी शिवणकाम शिकते आहे.

हस. तुझ्या आजीचं काळं पायमशीन, ज्यावर वीस वर्षं आपला टीव्ही बसला होता, ते मी मोकळं केलं, पुसलं, नवा पट्टा घातला. तुला माहीत आहे, मी आजवर साधं बटणसुद्धा लावलेलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सातवीत असताना सिस्टरनी माझा रुमाल वर्गासमोर धरून विचारलं होतं, "हे तू शिवलंस की कोंबडीने उकरलं?" त्या दिवशी मी ठरवलं, सुई धरायची नाही. ठरवलं ते बावन्न वर्षं पाळलं. आता मोडते आहे, तेही माझ्याच मर्जीने.

शिकवणारी सबिना. स्टँडवरच्या चिकनच्या दुकानामागे तिचा क्लास आहे, सहा मशीनं. बाकीच्या मुली वीस-बावीसच्या. मी गेले तर त्यांना वाटलं, कुणाची तरी सासू चौकशीला आली. सबिना माझीच जुनी विद्यार्थिनी, विज्ञानात पस्तीस मार्कांवर काठावर पास. आता तिचे दिवस आले आहेत. म्हणते, "म्याडम, सरळ रेघ मारायला तुमीच शिकवलं की आमाला. आता तुमची का वाकडी?"

जाऊबाई कुंपणावरून ओरडल्याच. "म्हातारपणी कुठनं शिरलं गं हे खूळ? ब्लाउज शिवून बाजारात बसतीस का काय?" मी म्हटलं, "बसेन की. पहिला तुमचाच शिवते, माप मोठं आहे, हात बसेल." चार दिवस बोलल्या नाहीत. शांततेत गेले.

आणि हो, जाऊबाईंचं नाव आलंच आहे तर एक लिहून ठेवते. ऑगस्टमध्ये नरसिंहपूरच्या घाटावर, तुझ्या बाबांच्या दहाव्याला, जे बोललं गेलं ते याच गोजरबाई बोलल्या. मी नाही. तू बाळाला कडेवर घेऊन उभी होतीस, तू सगळं ऐकलंस. माझं तोंड मिटलेलं होतं हेही तू पाहिलंस.

५ फेब्रुवारी

पत्र अर्धं राहिलं, कारण मशीन अडलं.

क्लासमध्ये माझी शिवण आता बरी येते. घरी मात्र रोज तेच. चार टाके नीट पडतात, मग खट्ट आवाज होतो, चाक घट्ट, आणि कापड पट्टीखाली ओढलं जातं. "मशीन कापड खातंय" म्हणतात ते हेच. वरून बघावं तर शिवण सरळ. कापड उलटलं की खाली शेवयांचा गुंता. कात्रीने कापून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी शास्त्रशुद्ध रीतीने शोध घेतला. गुंता खाली, म्हणजे दोष खाली. बॉबिन बदलली. बॉबिनची डबी काढून ब्रशने साफ केली, तिच्यातून एवढी मळी निघाली की तुझ्या आजीच्या काळातली असावी. तेल दिलं. डबीचा स्क्रू आवळला, मग ढिला केला, मग पुन्हा आवळला. सुई बदलली. इंग्रजी माहितीपुस्तक तीनदा वाचलं. गुंता जिथल्या तिथे.

सबिनाला फोन केला. ती म्हणाली, "म्याडम, दोरा ओवताना आधी पाय उचलायचा, मंग ओवायचा. उचलता का?"

"उचलते."

"पूर्न?"

"दोन्ही उचलते, सबिना."

ती म्हणाली, "दोन्ही?"

ट्रॉली आली, फोन ऐकू येईना, ठेवून दिला.

काय शिवते आहे ते सांगितलं नाही, नाही का? कुंची शिवते आहे.

आपल्या घरातली कुंची तुला आठवते. तांबडी, जरीची, मागे लांब झालर. लग्नानंतर युवराजरावांना फोटोही दाखवला होतास, की ही घालून मी दुडदुडायचे. ती गोजरबाईंच्या पेटीत असते. डिसेंबरात मी मागायला गेले. मला वाटलं होतं कुरकुरतील आणि देतील. त्या म्हणाल्या, "ती कुंची आपल्या रक्ताच्या लेकरांची हाय. आनलेल्या लेकराला न्हाय द्यायची." मी म्हटलं, "ठेवा मग कसरीला खायला. तिला तरी रक्ताचं नातं लागत नाही." आणि घरी येऊन टीव्ही खाली उतरवला.

हे सगळं तुला कळवायला हवं असं नाही. पण कळवते.

८ फेब्रुवारी

आज सबिना स्वतः घरी आली. म्हणाली, "ओवा बरं दोरा माझ्यासमोर."

मी खुर्चीवर ताठ बसले. पायडलवरचे दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि दोरा ओवायला घेतला. सबिना बघतच राहिली, मग हसत सुटली. हसता हसता खाली फरशीवर बसली. तिला पाणी द्यावं लागलं.

"अवो म्याडम, तुमचा न्हाय! मशीनचा पाय!"

सुईच्या बाजूला कापड दाबून धरणारा तो दोन बोटांचा चिमटा असतो ना, त्याला ही मंडळी पाय म्हणतात. मागच्या खिट्टीने तो वर उचलायचा. पुस्तकात 'प्रेसर फूट' लिहिलं आहे आणि मी ते तीनदा वाचून असा अर्थ लावला होता की पायाने द्यायचा दाब. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा हा विजय. क्लासमध्ये दोरा सबिनाच ओवून ठेवते, म्हणून तिथे कधी अडलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर तिने खिट्टी वर केली आणि दाखवलं. "हे बघा. पाय खाली दाबलेला असला की वरच्या ह्या दोन चकत्या मिटलेल्या ऱ्हात्यात. दोरा आत बसतच न्हाय, नुसता वरनं जातो. त्यो सैल दोरा खाली जाऊन गोळा हुतो. आन् लोक धरत्यात खालच्या डबीला. आमच्याकडं समदे असंच येत्यात, डबी खराब हाय, डबी बदलून द्या. डबीचं काय बी नसतं. गुतपाळा खाली दिसला तरी चूक वरच असती."

तिने पाय उचलून दोरा ओवला. मी फूटभर शिवण मारली. उलटून पाहिली. खालून सरळ, वरून सरळ.

ती गेली. मी तिथेच बसून राहिले. दूध उतू गेलं, तेही कळलं नाही.

नंदी, मी तुला खोटं लिहिलं आहे. शब्दशः खोटं नाही, पण पस्तीस मार्कांचं खरं. घाटावर गोजरबाई बोलल्या, हे खरं. तो शब्द त्यांचा नव्हता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्या आणि मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होतो. मी म्हणाले, "अक्का, ती पोर घरात आली आणि अकराव्या दिवशी हे गेले. पायगुण म्हणतात तो हाच का?" त्या नुसते खडे वेचत राहिल्या. दुसऱ्या दिवशी घाटावर चारचौघांत त्यांनी तेच म्हटलं, त्यांच्या आवाजात. तू माझ्याकडे पाहिलंस. मी त्यांना थांबवावं म्हणून पाहिलंस. मी नदीकडे बघत होते. जो शब्द मीच दिला, तो कुठल्या तोंडाने थांबवणार होते? तू तिथूनच गाडीत बसलीस. बरोबर केलंस.

सहा महिने मी खालच्या डबीला शिव्या देते आहे.

आता लिहायला घेतलंच आहे तर पुढचंही लिहिते. तुझ्या बाबांचा जूनमधला रिपोर्ट माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लगेच करून घ्या. हे म्हणाले, दिवाळी होऊ दे. त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती. मी विज्ञान शिकवलेली बाई, हृदयाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढायची. मी सांगायला हवं होतं की दिवाळी गेली खड्ड्यात. मी म्हणाले, बरं. कारण मलाही भीती वाटत होती. तुला सांगायचं नाही हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

ते गेल्यावर तो रिपोर्ट जाळायचं धाडस माझ्यात नव्हतं आणि वाचायचंही नव्हतं. मग कुणाला तरी धरायला हवं होतं. जी बोलू शकत नव्हती तिला धरलं. चार महिन्यांचं लेकरू. त्याचे पाय जमिनीला लागलेसुद्धा नव्हते, आणि मी पायगुण बघत होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुंची झाली. या पार्सलमध्ये आहे.

माप कुठून आणलं विचारशील. युवराजरावांच्या स्टेटसवर ती तुमच्या ओट्याखाली मिक्सरच्या भांड्याला टेकून बसलेली दिसली. तुझ्या लग्नात दिलेलं तेच भांडं आपल्याकडेही आहे. ते पट्टीने मोजलं आणि त्रैराशिक मांडलं. सबिना म्हणाली, एक बोट वाढवा, लेकरं वाढत्यात. दोन बोटं वाढवली आहेत.

कापड तुला ओळखू येईल. तुझ्या बाबांचा लग्नातला गुलाबी फेटा. आत माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर आहे, टोचणार नाही. डाव्या कानाजवळ तीन टाके वाकडे आहेत. उसवून पुन्हा घालता आले असते. नाही घातले.

काल ती घेऊन मी गोजरबाईंच्या ओसरीवर गेले. मुद्दामच दुपारी, चार बायका शेंगा फोडायला बसलेल्या असताना. म्हटलं, "अक्का, पायगुण हा शब्द माझा होता. यांना हृदयाचा आजार होता, मला माहीत होतं. मी तो शब्द परत घेते."

त्या म्हणाल्या, "शबूद म्हंजी काय उसना दिल्याला तांब्या हाय व्हय, परत न्यायला?"

"तांब्या असता तर तुम्ही दिलाच नसता," मी म्हटलं. बायका हसल्या. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष कुंचीकडे गेलं होतं. "धाकल्याचा फेटा कापलास?" म्हणाल्या. त्यांनी हात पुसला, झालरीवरून फिरवला, बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कानापाशी टाका वाकडा हाय."

मी म्हटलं, "माहीत आहे."

तांबडी कुंची त्यांनी काढून दिली नाही. मला आता ती नकोही आहे.

तर, २ मार्चला रविवार आहे. त्या दिवशी मी सणसरला बारसं करणार आहे. दहा महिन्यांच्या मुलीचं बारसं करत नाहीत म्हणे. मी करते. मांडव सांगितला आहे, सगळ्या आळीला बोलावणं दिलं आहे, गोजरबाईंना पहिलं. उंबऱ्यावर तिचे दोन्ही पाय कुंकवात बुडवून उमटवणार आहे. मी असल्या गोष्टी आयुष्यभर मानल्या नाहीत, आताही मानत नाही. पण ज्यांना तिचा पायगुण बघायचा असेल त्यांना तो बघता आला पाहिजे. ते ठसे मी पुसणार नाही.

तू येशील असं मी धरून चाललेले नाही. आली नाहीस तर मांडवात बसलेल्यांना नाव मी सांगेन, आणि जेवण झाल्यावर बारामतीहून पुण्याची गाडी पकडून तुझ्या दारात येऊन उभी राहीन. दार उघडायचं की नाही ते तुझं. मला जिन्यात बसता येतं. गुडघे अजून चांगले आहेत, रोज तासभर पायडल मारते.

कुंचीच्या आत रिपोर्ट गुंडाळून ठेवला आहे. आधी तो काढून घे, मग तिला घाल.

तुझ्या बाबांनी फोनवर तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, कालव्याचं पाणी सुटलं होतं म्हणून, जे नाव सुचवलं, तेच तुम्ही ठेवलंत, हे मला युवराजरावांकडून कळलं. या अख्ख्या पत्रात मी तिला पोर म्हटलं, लेकरू म्हटलं, ती म्हटलं. नाव लिहिलं नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू माझीच मुलगी आहेस.

मी पाय उचलला आहे.

तुझी आई,
आणि तू होऊ दिलंस तर,
नीराची आजी