डिवायडरवरचं सीताफळ

मंगळवार, मे महिना. सुरत.

आन् मी फोनवर बाबाले काही चुकीचं बोललो नव्हतो. फुकटची झाडं लावाचीच तर अकोल्यात दुसरी जागा नाही काय? पण बाबाले मोठ्या रोडाच्या मधातलं डिवायडरच पाहिजे. म्हणते, "तिथलं फळ कोनाच्या बापाचं नाही, ज्याले दिसलं त्यानं खावं." सीताफळच लावलं, काहून का त्याच्या पाल्याले बकरी तोंड लावत नाही. बकरीचा विचार केला. ट्रकचा नाही केला.

आज माझ्याशी बोलता बोलता आपली भाजीची गाडी सोडून पाण्याचा डबा घेऊन झाडाले पाणी टाकाले निघाले. फोन खिशात चालूच. मी ऐकून राहिलो होतो. हॉर्न, मंग ब्रेक, मंग डबा आपटला. मंग काहीच नाही. मी बाबा, बाबा ओरडलो, साइटवरचे सगळे पाहाले लागले.

किती वेळानं आवाज आला, "डबा चेपला बे. झाड वाचलं."

"आन् तुमी?"

"मंग भूत बोलून राहिलं काय तुह्याशी?"

हसले वरून. तो ब्रेक कानातून जात नाही. एखाद्या दिवशी ब्रेकनंतर आवाज आलाच नाही तर?

इथं रोडाच्या कामावर आमाले चमकणारं जाकीट घालाच लागते. बाबाले तसंच घ्याले चारशे पाठवले, तर ते त्याचीबी रोपं आणतीन. म्हणून जाकिटाचे चारशे आन् रोपांचे वेगळे चारशे. उद्या सकाळीच आठशे पाठवतो.